तोंडात लसूण आला

दिघोरी
१२ ऑगस्ट २०२४

चि. उर्वशीस,
टिकाराम मामाचे अनेक आशीर्वाद.

फोन करणार होतो, पण फोनवर बोललेलं हवेत जातं. मी एकतीस वर्षं इथल्या पोस्टात शाखा डाकपाल होतो. कागदाशिवाय बोलण्याची काय किंमत असते ते मले माहीत आहे. उत्तरही पत्रानेच पाठव, खाली सही कर.

तुझी वहिनी रिता रोवणीच्या वेळी भाताच्या बांधीच्या धुऱ्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं, हे तुझ्या आईकडून कळलंच असेल. गेल्या मंगळवारी साकोलीच्या एका दवाखान्यात भूल देऊन हाड बसवलं. नवरा म्हणून आमचा अमर तिच्या उशाशी उभा होता. सुई टोचल्यावर डोळे मिटता मिटता ती त्याला बोलली, "तोंडात लसूण आला वो." एवढं बोलून झोपली. आमच्या गाढवाने घरी येऊन ही गोष्ट सगळ्यांना हसत सांगितली.

हसण्यासारखी गोष्ट नाही. मी माळ घातली त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून आपल्या घरात कांदा-लसूण येत नाही. गावच्या भजन मंडळाचा मी प्रमुख आहे. माझ्याच घरची सून चोरून लसूण खाते, हे मंडळाला तोंड दाखवण्यासारखं आहे का? रिताला विचारलं तर ती मान खाली घालून बसली. तुझी मामी चुलीजवळ होती, तीही काही बोलली नाही.

पोलीस गुन्हेगाराला सुई देतात आणि तो खरं बोलून जातो, हे टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ते हेच औषध, असं मंडळात म्हणतात. अमरने फाईलचा फोटो तुले पाठवला आहे, नाव पाहून घे. सानगडीहून रिताचा भाऊ भांडायला येणार आहे, म्हणून मी विषय तंटामुक्ती समितीपुढे ठेवला. तू भूल देण्याचं शिकून नोकरीला लागली आहेस. "या औषधाखाली माणूस खोटं बोलू शकत नाही" एवढी एक ओळ सही-शिक्क्यानिशी लिहून दे. घरचं माणूस असून एवढ्यासाठी काहून मागेपुढे पाहशील?

तुझा मामा,
टिकाराम

भंडारा
१७ ऑगस्ट २०२४

ति. मामाजींस,
उर्वशीचा सा. नमस्कार.

पत्र मिळालं, फाईलचा फोटोही पाहिला.

आधी शिक्क्याचं. तो माझ्याकडे नाही. मी डॉक्टर नाही, भूलतज्ज्ञांच्या हाताखालची तंत्रज्ञ आहे. औषधं भरून ठेवणं, यंत्र तपासणं, रुग्णाचा श्वास आणि नाडी बघणं हे माझं काम. मात्र या एका औषधाबद्दल मला तुमच्या संपूर्ण मंडळापेक्षा जास्त माहिती आहे, आणि एवढं म्हणायला शिक्का लागत नाही.

वहिनीला थायोपेन्टोन दिलं आहे. पन्नास किलो वजनाला अडीचशे मिलिग्रॅम, माप बरोबर आहे. हे बार्बिट्युरेट कुळातलं औषध. मेंदूतल्या पेशींना शांत करणारं एक रसायन आपल्या शरीरात आपोआप तयार होत असतं. ते पेशीच्या दाराला लागलं की दार उघडतं, क्षाराचे कण आत जातात आणि पेशी गप्प होते. तलावाचं तुडूम उघडलं की पाणी बांधीत उतरतं, बंद केलं की थांबतं, तसं हे दार सारखं उघडत-मिटत असतं. बार्बिट्युरेट त्याला लवकर मिटू देत नाही. बांधी भरतच जाते. वीस-तीस सेकंदांत माणूस झोपतो. हे औषध दुखणंसुद्धा कमी करत नाही, त्यासाठी दुसरं द्यावं लागतं. गुपितं काढणं ही फार पुढची गोष्ट.

आता लसूण. औषधाच्या नावातला "थायो" म्हणजे गंधक. लसणाच्या वासातही गंधकच असतं. शिरेत गेलेलं औषध रक्तातून फिरतं आणि बऱ्याच रुग्णांना झोप लागायच्या आधी क्षणभर लसणाची किंवा कांद्याची चव येते. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. वहिनीने औषधाची चव सांगितली. त्या टेबलावर तुम्ही असता तर कदाचित तुम्हीही सांगितली असती, माळेसकट.

टीव्हीचं म्हणाल तर पोलीस हे औषध थेंबाथेंबाने देत, माणूस अर्धवट गुंगीत राहावा इतकंच. यात एवढं खरं आहे की गुंगीत माणसाचा आवर सुटतो आणि तो एरवी बोलला नसता ते बोलून जातो, पण त्यात खरं, खोटं, स्वप्नातलं आणि समोरच्याने सुचवलेलं असं सगळं मिसळलेलं असतं, म्हणून त्यावर विसंबता येत नाही. माणसाच्या संमतीशिवाय अशी चाचणी करायला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली आहे. तंटामुक्ती समिती त्याच्या वर असेल तर मला कल्पना नाही.

आम्ही हे औषध घाईच्या सिझरला वापरतो, डोक्याला मार लागून मेंदू सुजला तर त्याला विश्रांती द्यायला वापरतो, आणि काही केल्या थांबत नाही अशी फिट थांबवायला. तुमच्या शेजारचा भुपेंद्र फिटसाठी याच कुळातली गोळी वर्षानुवर्षं घेतो, हे तो स्वतःच गावभर सांगतो. त्याच्या जाळ्यात आलेल्या माशाचं वजन तो किती सांगतो हेही तुम्हाला ठाऊक आहे.

वहिनीच्या बोटांना सूज आहे का, बोटं गार किंवा निळी पडतात का, ते रोज बघायला सांगा. तुमच्या पत्रात तिच्या हाताबद्दल पुढे एक अक्षर नाही.

उर्वशी

दिघोरी
२६ ऑगस्ट २०२४

चि. उर्वशीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी समितीपुढे वाचलं. "गुंगीत माणसाचा आवर सुटतो आणि तो एरवी बोलला नसता ते बोलून जातो." एवढं वाचून थांबलो. बाकी औषधांची माहिती होती, लोकांना त्यातलं काय समजणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. भाची एवढी शिकली म्हणून तुझं कौतुकही झालं. रिताचा भाऊ उठून चालता झाला.

रिता त्याच्यासोबत सानगडीला गेली. मंडळापुढे उभी राहून चूक कबूल करेल तेव्हा परत येईल. मोना इथेच आहे. प्लास्टरच्या हाताने तीन वर्षांच्या पोरीला ती कशी सांभाळणार, म्हणून मीच ठेवून घेतली. पोर जेवताना त्रास देते. तुझी मामी तिला कडेवर घेऊन भरवते. मामीचं आजकाल बोलणं कमी झालं आहे, वयामुळे असेल.

बोटांना सूज नव्हती.

टिकाराम

भंडारा
३१ ऑगस्ट २०२४

ति. मामाजींस,
सा. नमस्कार.

तुम्ही माझं वाक्य "पण"च्या आधी तोडलं. एकतीस वर्षं तुम्ही लोकांची पत्रं पोचवली. एखादं पाकीट मधोमध फाडून अर्धंच कुणाच्या हातात दिल्याचं मला तरी ऐकिवात नाही. ही सवय निवृत्तीनंतर लागलेली दिसते.

यात माझीही चूक आहे. समोर कोण वाचणार हे माहीत असून मी तोडता येईल असं वाक्य लिहिलं.

आता तुमच्याच हिशोबाने जाऊ. वहिनी सात-आठ मिनिटांत जागी झाली, असं फाईलवर आहे. ती जागी झाली तेव्हा औषध संपलं नव्हतं. मेंदूला रक्त जास्त जातं, म्हणून औषध आधी तिथे पोचतं, आणि थोड्याच वेळात तिथून निघून स्नायूंमध्ये पसरतं. मेंदूतलं कमी झालं की जाग येते. शरीरातलं काढायला यकृताला पुढे कित्येक तास लागतात. म्हणजे साकोलीहून गाडीत बसून घरी येईपर्यंत वहिनीच्या अंगात ते बऱ्यापैकी होतं. ते खरं बोलायला लावणारं औषध असेल तर ती वाटेत जे बोलली तेही सगळं खरं धरावं लागेल. मी अमरदादाला विचारलं. ती एवढंच बोलली की हात ठणकतो आणि मोनाला भूक लागली असेल. हे समितीपुढे वाचलंत का?

तुम्हाला कागद हवा असतो, म्हणून आणखी एक. आजकाल बहुतेक ठिकाणी दुसरं औषध वापरतात, आमच्याकडे थायोपेन्टोन अजून आहे. तुमचं पहिलं पत्र आल्यापासून आमच्या भूलतज्ज्ञांच्या परवानगीने मी नोंद ठेवली. चौदा रुग्णांना ते दिलं. सहा जणांनी झोपताना लसूण किंवा कांदा असं म्हटलं, एक जण लोखंड म्हणाला, बाकीचे काही न बोलता झोपले. त्या सहांतल्या एकाच्या गळ्यात तुमच्यासारखीच माळ होती.

तीन वर्षांच्या मुलीला आईपासून तोडणं हे कुठल्या औषधाखाली ठरवलंत, ते कळवावं.

उर्वशी

सानगडी
५ सप्टेंबर २०२४

उर्वशीताई,

डाव्या हातानं लिहून राहिली, अक्षर समजून घ्या. मामाजीले आलेल्या तुमच्या दोन्ही पत्रांचा फोटो अमरनं काढून आणला होता. भावानं मले वाचून दाखवला.

तुम्ही माझ्यासाठी एवढ्या भांडून राहिल्या, म्हणून तुमच्यापासून लपवणं मले बरं वाटत नाही. मी लसूण खाल्ला होता ताई. रोवणीच्या दिवसात, बांधीवर, चार-पाच वेळा. लसणाची चटणी, भातासंगं. मी एकटी नव्हती. दुसऱ्या माणसाचं नाव मी सांगणार नाही. ते माणूस माझ्यासाठीच चटणी करत होतं, दिवसभर चिखलात वाकल्यावर फिका भात घशाखाली उतरत नाही म्हणून.

आता मनात येते, सुईनं मले खरंच बोलवलं का? तुम्ही लिहिलं ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण खाल्ला होता हे तर खरंच ना.

मोनाले पाहून बारा दिवस झाले. जाऊन कबूल करून टाकू का? मामाजी म्हणतात, लसूण कोणी आणून दिला ते नाव सांगितल्याबिगर कबुली धरणार नाही. तिथंच अडून राहिलं.

तुमची,
रिता

भंडारा
८ सप्टेंबर २०२४

रितावहिनीस,

सुईने तुला बोलवलं नाही. तू जन्मात लसूण खाल्ला नसतास तरी ती चव आली असती. तू लसूण खाल्लास हे खरं, आणि औषधाने तोंडात लसणाची चव आली हेही खरं. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मामाजींचा निष्कर्ष बरोबर निघाला तो योगायोगाने. बंद पडलेलं घड्याळ बघून कुणी वेळ सांगितली आणि ती जुळली, तरी त्याला घड्याळ कळतं असं आम्ही धरत नाही.

मला औषधाबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर मी दिलं. तू काय खाल्लंस हे मला कुणी विचारलेलं नाही आणि मी ते कुणाला सांगणार नाही. कबूल करायचं की नाही हे तू ठरव. मोना लांब आहे, तुझं मन काय होत असेल याचा मला पूर्ण अंदाज नाही, म्हणून सल्ला देत नाही. फक्त "सुईमुळे पकडली गेले" म्हणून कबूल करू नकोस. तसं केलंस तर उद्या त्या गावातली कुठलीही बाई भूल घ्यायला घाबरेल. फाटायला आलेलं अपेंडिक्स घेऊन घरात बसून राहील.

दुसरं माणूस कोण असेल हे माझ्या लक्षात आलं आहे असं मला वाटतं. नुसत्या वाटण्याला मी पुरावा मानत नाही.

प्लास्टरबाहेरची बोटं दर तासाला दहा वेळा मिटून उघड.

उर्वशी

दिघोरी
९ सप्टेंबर २०२४

चि. उर्वशीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी नोंद वाचली. चौदापैकी सहा जणांनी लसूण-कांदा खाल्लेला निघाला, यात मले काही नवल नाही. जग बिघडलं आहे, हे मी मंडळात नेहमीच सांगतो. तुझ्या कागदाने माझंच म्हणणं पक्कं झालं.

तो माळवाला कोण? नाव आणि गाव कळव. आसपासचा असेल तर त्याच्या मंडळाला सांगून त्याची माळ उतरवतो.

मोनाला दोन दिवस ताप होता. आता उतरला.

टिकाराम

भंडारा
१३ सप्टेंबर २०२४

ति. देवकामामींस,
उर्वशीचा सा. नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या गावच्या आशा सेविका ललिताबाईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. त्या तुम्हाला वाचून दाखवतील. मामाजींना आज वेगळं उत्तर टाकलं आहे. त्यात एकच वाक्य आहे, रुग्णाचं नाव देत नाही. ते कुठेही तोडलं तरी फार काही हाती लागणार नाही.

घरात काय चाललं आहे याबद्दल मी तुम्हाला काही विचारत नाही. मला जे माहीत आहे तेवढं सांगते. वहिनीला दिलेलं औषध माणसाला झोपवतं. ते तोंडातून खरं काढत नाही, नावं तर काढत नाहीच. झोपताना तिच्या जिभेवर औषधाची चव आली आणि तिने ती दादाला सांगितली. त्यापुढे तिने कुणाचंही नाव घेतलं नाही. जागी झाल्यावरही नाही, समितीपुढेही नाही, आणि मला लिहिलेल्या पत्रातही नाही.

मामाजींनी कबुलीसोबत एक नाव मागितलं आहे. ते ती देत नाही, म्हणून सानगडीला बसून आहे.

मोनाला ताप येऊन गेल्याचं कळलं. पुन्हा आला तर ललिताबाईंना लगेच दाखवा.

उर्वशी

दिघोरी
२४ सप्टेंबर २०२४

उर्वशीबाईले मामीचा आशीर्वाद.

ललिताबाई लिहून राहिली, मी सांगून राहिली.

तुझं पत्र तिनं मले दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिले म्हटलं, ते नावाचं पुन्हा वाच.

चटणी मी करत होती बाई. सानगडीच्या बाजारातून लसूण मीच आणला, पदरात बांधून. बांधीवरच्या दगडावर वाटला. रिता म्हणे, "मामाजीले समजलं तर?" मी म्हटलं, त्यायचं नाक काही बांधीवर येत नाही, तू खाय. मलेबी खावा वाटत होता. माळ त्याईनं घातली, लसूण मले सोडावा लागला. सोडते का म्हणून सात वर्षांत मले कोणी विचारलं नाही.

अमर हसत आला तेव्हा मी चुलीजवळ होती. मले भेव वाटलं. तुझ्या मामाचं नाही, त्या सुईचं. मनात आलं, सुईनं लसूण काढला, आता माझं नाव काढते. म्हणून तोंड मिटून बसली. समितीत तुझं पत्र वाचलं तेव्हा तर अजूनच घाबरली. पोर माय माय करे, आणि मी तिले भरवत बसली. हे मले शोभलं नाही, मले माहीत आहे.

तू लिहिलं तेव्हा समजलं का सुईनं काहीच काढलं नव्हतं. रितानं शुद्धीत राहून माझं नाव झाकलं. एवढे दिवस.

परवा मंडळाची बैठक होती, देवळाच्या सभामंडपात. समितीवालेबी होते. मी जाऊन उभी राहिली. तुझे मामा म्हणे, तू कायले आली? मी म्हटलं, बोलाले आली. लसूण मी आणला, मी वाटला, मी खाल्ला, सुनेले मी चारला. कोणाले काय विचारायचं ते मले विचारा. मग आनंदाबाई, तिची जीभ तर तुले माहीत आहे, मागून म्हणे, "देवका, तुले कोणी सुई टोचली का वो?" मी म्हटलं, "नाही बाई. मले कोणी सुई नाही टोचली. मी बिनसुईची बोलून राहिली."

बाया हसल्या. मग दोन-चार माणसंबी हसले. एका माळवाल्यानं तर हळूच विचारलं, चटणीत खोबरं टाकते का. तुझे मामा उठून घरी गेले. अमर तिथूनच गाडी काढून सानगडीले गेला.

रिता संध्याकाळी आली. मोना आधी तिच्याजवळ जायेच ना, दाराच्या मागं लपली. मग एकदम धावली. प्लास्टर निघालं आहे, हात अजून बारीक दिसते. काय मालिश करायची ते लिहून पाठव.

तुझी मामी,
देवका

(मामी जशा बोलल्या तसंच लिहिलं आहे. — ललिता)

दिघोरी
२ ऑक्टोबर २०२४

चि. उर्वशीस,
आशीर्वाद.

कार्डावर लिहितो, जास्त मजकूर नाही. रिता, मोना ठीक. प्रकृतीच्या कारणाने मी मंडळाचं प्रमुखपद सोडलं. तुझी मामी दिवसभर बोलते. सात वर्षांचं साठलेलं बोलून राहिली आहे, समोर मीच असतो. तुमच्याकडे माणूस गप्प होण्याचं काही औषध आहे का?

टिकाराम

भंडारा
६ ऑक्टोबर २०२४

ति. मामाजींस,
सा. नमस्कार.

आहे. तेच, ज्याने माणूस बोलतो असं तुम्ही समितीत सांगितलं होतं. अडीचशे मिलिग्रॅमला वीस-तीस सेकंदांत माणूस गप्प होतो. ते त्याचसाठी बनवलेलं आहे.

मामींना ते देता येणार नाही. ऑपरेशन करावं असं त्यांना काही झालेलं नाही.

वहिनीने मनगटाचे व्यायाम दिवसातून तीन वेळा करावेत. तेल कुठलंही चालेल, जोर लावायचा नाही.

उर्वशी